नृसिंहची हजेरी

७ सप्टेंबर १९६५, मंगळवार
आज मी हवाई दलाचा माणूस झालो. सकाळी राधानगरीहून एस.टी.नं कोल्हापूर गाठलं. तिथून दलाच्या ट्रकनं टेंबलाईच्या टेकडीखालून धावपट्टीजवळच्या छावणीत आलो. भरतीच्या वेळी डॉक्टरनं छाती फुगवायला सांगितली, तेव्हा मी इतकी फुगवली होती की डोळ्यांपुढं काजवे चमकले. लढाई पेटल्यामुळं आमचं शिक्षण इथंच उरकणार आहेत. मला बिनतारी संदेश शिकायचे आहेत.

गणवेश मिळाला. पँटमध्ये माझ्यासारखे दोन मावतील. शेजारच्या खाटेवरचा पिराजी कळंब्याचा आहे. मला बघून म्हणाला, "पावणं, इमान पडाय लागलं तर ह्याच पँटची छत्री करून उतरा की!" सगळी बराक हसली. मीही हसलो. जेवणात आमटी झणझणीत होती. झोपण्याआधी जोतिबाचं नाव घेतलं. मन प्रसन्न आहे.

८ सप्टेंबर
उजाडता उजाडता मैदानात हजेरी झाली. ती कॉर्पोरल ईरप्पा घेतात. निपाणीकडचे आहेत, आवाज नगाऱ्यासारखा. "कृष्णात!" म्हणाले तसा मी "हजर!" असा ओरडलो की झाडावरचे कावळे उडाले.

सर्वांत शेवटी त्यांनी "नृसिंह!" असं पुकारलं. कुणी बोललं नाही. कॉर्पोरल थांबून राहिले. आमच्या गावच्या शाळेत कुणाला उशीर झाला तर शेजारच्यानं त्याची हजेरी द्यायची, असा रिवाजच होता. मला वाटलं, बिचारा झाडाआड गेला असेल, उगाच शिक्षा होईल. मान खाली घालून मी "हजर" म्हणालो.

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. कॉर्पोरलांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. ते हळूच म्हणाले, "हजर तर हजर." आणि हजेरीपटावर खूण केली.

दिवसभर माझ्याशी कुणी बोललं नाही.

९ सप्टेंबर
शेवटी पिराजीनं सांगितलं. नृसिंह पेठ वडगावचा, आईवेगळा पोर. गेल्या महिन्यात वारला. संदेश ऐकण्याच्या सरावासाठी इथं एक लाकडी खोली आहे, उभ्या कपाटाएवढी. पोरं तिला डबा म्हणतात. कानाला यंत्र लावून आत बसायचं, बाहेरून कडी. त्या दिवशी कडी काढायची राहून गेली आणि तो आतच गुदमरला. नाव कमी करायचा हुकूम अजून वरून आला नाही, म्हणून कॉर्पोरल रोज पुकारतात, रोज सगळे गप्प राहतात आणि रोज ते गैरहजेरी मांडतात.

"येवढीच तर रीत हुती," पिराजी म्हणाला. "आन् तू ओ दिलीस की लेका!"

जोतिबाचा गुलाल कपाळाला लावला.

११ सप्टेंबर
आज माझी डब्यात बसायची पाळी होती. समोर तळहाताएवढी काच आहे, तिच्यातून फाटक दिसतं. कानात टकटक सुरू झाली, मी अक्षरं लिहीत गेलो. मधेच टकटक थांबली आणि कुणीतरी अगदी कानाशी बोललं. आवाज माझ्याच वयाचा होता.

"तू हजर हाईस न्हवं? मग मी सुटलो."

बाहेर आल्यावर विचारलं. यंत्रावर कुणीच बोललं नव्हतं.

१३ सप्टेंबर
पिराजीनं मला नृसिंह म्हणून हाक मारली. थट्टा नव्हती, तो जेवताना भाकरी मागत होता.

कॉर्पोरलांकडं जाऊन हात जोडले. म्हणालो, माझं ते 'हजर' मागं घ्या. त्यांनी हजेरीपट मिटला. मग म्हणाले, "लागलेली हजेरी पुसता येत न्हाय बाळा. लढाई हाय. हजर माणूस गेला कुटं म्हून मी काय सांगू?"

१५ सप्टेंबर
आज हजेरीत माझं नाव आलं. मी तोंड उघडलं. त्याआधीच मागच्या रांगेतून "हजर!" आलं. आवाज माझा. कुणीही वळून पाहिलं नाही.

शेवटी नृसिंह. ठरवलं होतं, दात घट्ट आवळून उभं राहायचं. पण गप्प राहिलो तर पळपुटा, लढाईत पळपुट्याला कैद. सगळी रांग माझ्याकडं बघत होती. तोंडातून शब्द गेलाच.

१६ सप्टेंबर
रविवारी भेटीचा दिवस. आई येणार आहे. सगळे विसरले तरी ती विसरणार नाही. तिनं फाटकातून एकदा कृष्णात म्हणावं आणि मी ओ द्यावी. मग मी मीच. तेवढंच मागतो, देवा. दुसरं काही नको.

१७ सप्टेंबर
माझ्या खाटेवर कुणीतरी बसतं. अंथरूण ऊब धरून असतं. पिराजी त्याच्याशी हसतो — पँटची तीच थट्टा —

मला खिडकीकडची खाट दिली. गेल्या महिन्यापासून गुंडाळून ठेवलेली गादी होती, ती मीच उलगडली.

१८ सप्टेंबर
कॉर्पोरल माझ्याकडं न बघता म्हणाले की नृसिंहचा सराव अपुरा राहिलाय. उद्या डब्यात.

म्हणालो, उद्या आई येतेय.

ते म्हणाले, "तुला कुटली आई?"

१९ सप्टेंबर, रविवार
डब्यात आहे. कडी लागल्याचा आवाज झाला. कानात टकटक नाही, काहीच नाही. गुडघ्यावर वही धरून लिहितो आहे —

फाटकाशी बायका जमल्या आहेत. हिरवं लुगडं, डोक्यावर टोपली. आई! उन्हात डोळ्यांवर हात धरून शोधते आहे —

पहारेकऱ्यानं कृष्णात म्हणून पुकारलं. मी ओ दिली. इतक्या मोठ्यानं दिली की घसा — लाकूड आवाज बाहेर सोडत नाही —

कुणीतरी पळत गेलं तिच्याकडं. पाठमोरा आहे. पायांवर डोकं ठेवलं. तिनं हनुवटीला धरून त्याचं तोंड वर केलं. बघ आई, नीट बघ — बघते आहे — अजून बघते आहे —

तिनं कानशिलावर बोटं मोडली.

टोपली सोडली. घास भरवते आहे. तो इकडं वळला. हसत नाही, ढसाढसा रडतो आहे. ती पदरानं त्याचे डोळे पुसते, आणि मी काचेवर मुठी —

आई, एकदा इकडं —