वाळवंटातली भरती

रेवदंडा,
ता. ६ जानेवारी १९७०

चि. सिपोरा आणि चि. दीना,

दोघींना, दोन्ही जावयांना आणि सिपोराच्या तिन्ही मुलांना आईचे अनेक आशीर्वाद. एक पत्र दिमोन्याला टाकते आहे, एक बेरशेब्याला. दोन्हींत शब्दाचाही फरक नाही, तेव्हा ताळा करत बसू नका.

तुमच्या देशात कायमचं यायचा फॉर्म मुंबईच्या कचेरीतून आला. त्यात 'कोणत्या गावी राहणार' याच्यापुढे एकच ओळ आहे आणि तिच्यात एकच गाव मावतं. पंधरा मार्चच्या आत भरून द्यायचा. इथे आता माझं मन लागत नाही. शनिवारी सिनेगॉगात प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमत नाहीत. परवा नऊवर गाडी अडली, तेव्हा हजान पोथी मिटून, चपला घालून घरी गेले. सगळी माणसं तुमच्याकडेच निघाली, मग मी एकटी इथे कुलपांना हाका मारू का?

तुम्ही दोघी वाळवंटात राहता हे वाचून मात्र जिवाला बरं वाटतं. आम्ही अडाणी माणसं पुळण म्हणतो, तुम्ही शिकलेल्या, म्हणून वाळवंट म्हणता. नाव काही असो, वाळू तीच. तेव्हा मला एवढंच कळवा की कुणाचं घर पाण्याला जवळ, होड्या केव्हा लागतात, आणि आपल्याला चालते ती खवल्याची मासळी कुठे ताजी मिळते. जिथून सूर्य पाण्यात बुडताना दिसेल ते गाव मी लिहीन. खोल्या किती नि नळ किती ते मला सांगू नका.

भांडू नका. भांडलात तर तिसरंच गाव लिहीन.

तुमची आई

---

बेरशेबा,
ता. २० जानेवारी १९७०

ती. आईस,

दीनाचा शालोम व सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आई, यात विचार कसला करतेस? बेरशेबा लिही. वाळवंट म्हणशील तर अगदी दारात आहे, उंबरा ओलांडला की झालंच. मासळीही मिळते. भरती रोज संध्याकाळी सहाला येते, तेव्हा आपण दोघी जाऊन बसत जाऊ. शिवाय आपल्या अब्राहाम बापाने विहीर खणली ती याच गावी. ताईच्या दिमोन्यात तेव्हा कुणी साधा खड्डासुद्धा खणलेला नव्हता, हे तिला माझ्या नावाने खुशाल कळव.

आम्ही मजेत आहोत. हे बसच्या कामावर चार-चार दिवस लांब जातात, पण पगार चांगला आहे. घर मोठं आहे, दोन माणसांना फारच मोठं. शेजारीण मोरोक्कोची, मनाने छान, पण तिचं बोलणं मला अर्धंच कळतं. मग आम्ही दोघी नुसत्या हसतो.

येताना आमसुलं आण. त्याआधी कुणी इकडे येणारं असेल तर त्याच्याबरोबर पाठवच.

माया आहेच, ती थोडी माझ्याकडे जास्त असू दे.

तुझी,
दीना

ता. क. आमसुलं जुनी, काळी असली तर जास्त बरी. विसरू नकोस हं.

---

दिमोना,
ता. २५ जानेवारी १९७०

चि. दीनास ताईचे अनेक आशीर्वाद.

आईचं पत्र तुलाही आलं असेलच. मी आधी पोट धरून हसले. पुळण म्हणे! मग ह्यांना वाचून दाखवताना मलाच रडू फुटलं. ती तिकडे होड्यांची वाट बघते आहे आणि इथे पाऊस झाला तरी रस्त्यातलं साधं डबकं संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

आता तिला काय लिहायचं? खरं लिहिलं तर ती फॉर्म फाडून चुलीत घालेल, तिचा स्वभाव तुला माहीत आहे. नाही लिहिलं तर सत्तरीची बाई वाळूत उभी राहून विचारेल की पाणी कुठे गेलं. मला काही सुचत नाही. तू काहीही लिहिण्याआधी मला कळव.

गुरुवारी घरी प्रसादाचा मलिदा झाला. पोहे मुंबईचे होते, ओला नारळ कुठेच मिळाला नाही म्हणून सुकं खोबरं घातलं, तरी पातेलं पुसून गेलं. तूच तेवढी नव्हतीस. हनुक्क्याच्या सणालाही आली नाहीस. बसमध्ये मळमळतं असा निरोप पाठवलास, बसवाल्याची बायको असून! चाळीस मिनिटांचा रस्ता आहे, दीना. की ताईचा कंटाळा आला?

तुझी,
सिपोराताई

---

बेरशेबा,
ता. २८ जानेवारी १९७०

ती. ताईस सा. न. वि. वि.

उशीर झाला गं. मी लिहून मोकळी झाले. भरती येते म्हणूनसुद्धा लिहिलं. आता ओरडू नकोस.

एकदा विमानातून उतरली की खुशाल रागावू दे. चार दिवस बोलणार नाही, पाचव्या दिवशी माझी भांडी नीट लागली नाहीत म्हणून बोलेल. तुझ्या खालच्या मजल्यावर रोह्याची माणसं, समोर पेणची, घरात तीन पोरं. तुला दिवसभर मराठीत भांडायला मिळतं. मला कोण आहे? तिला एकदा येऊ दे. मग वाटलं तर तू तुझ्याकडे ने, पण आधी येऊ दे.

मलिद्याला आले नाही त्याचा राग धरू नकोस. कंटाळा बिंटाळा काही नाही, सांगेन कधीतरी.

तुझी लबाड,
दीना

---

दिमोना,
ता. १० फेब्रुवारी १९७०

ती. आईस,

सिपोराचा शालोम व सा. न. वि. वि.

पंधरा दिवस हे पत्र मनात घोळवते आहे. आता लिहूनच टाकते. आई, इथे समुद्र नाही. दिमोन्यालाही नाही नि बेरशेब्यालाही नाही. वाळवंट म्हणजे आपली पुळण नव्हे. ही नुसती कोरडी जमीन, मैलोन् मैल, तिला पाणी लागतच नाही. मासळी बर्फात येते, पाट्यावर आपटली तर पाटा फुटेल. सूर्य टेकडीमागे धुळीत बुडतो. बुडतो मात्र फार सुंदर, हे काही मी तुला भुलवायला लिहीत नाही.

दीनाने भरतीचं लिहिलं ते तू यावीस म्हणूनच. तिला बोलू नकोस. मी तिला वचन दिलं नव्हतं, तरी मोडल्यासारखं वाटतं आहे.

दिमोन्याची हवा थंड, कापडगिरणीत आपलीच निम्मी माणसं, मुलं तुझी वाट पाहतात. यायचं तर हे सगळं माहीत करून घेऊन ये. नसेल यायचं तर मी समजून घेईन. पण फसून येऊ नकोस.

तुझी,
सिपोरा

---

रेवदंडा,
ता. २७ फेब्रुवारी १९७०

चि. सिपोरास आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पण तू सांगायच्या आधीच मला कळलं होतं. दीनाने लिहिलं की भरती रोज सहाला येते. अगं, समुद्राकाठी जन्मलेली पोर असं लिहिते? भरतीची वेळ रोज पाऊण तासाने पुढे जाते, हे तिला चालता येत नव्हतं तेव्हापासून ठाऊक आहे. तेव्हाच मला शंका आली. तशीच उठून शाळेत गेले आणि मास्तरांना भिंतीवरचा नकाशा खाली घ्यायला लावला. तुमची दोन्ही गावं पिवळ्या रंगात. निळं म्हणावं तर मास्तरांनी बोट ठेवलं ते तुमच्यापासून वीतभर लांब. मी तिथेच पोरांच्या बाकावर बसले. खोटं कशाला सांगू, दोन दिवस जेवण गेलं नाही.

मग दीनाचं पत्र पुन्हा काढून वाचलं. त्यात आमसुलं तीन वेळा मागितली आहेत. लहानपणी सोलकढी बघून नाक मुरडणारी कार्टी ती! वर तुझ्या मलिद्याला येत नाही. बसमध्ये मळमळतं म्हणून तिने तुला कळवलं ते तुझ्या ह्यांनी मला लिहिलं, ते बरं केलं त्यांनी. मागच्या खेपेला दिवस राहून टिकले नाहीत ते मनात धरून ती या वेळी कुणाला सांगत नाही, नवऱ्याला तरी सांगितलं असलं म्हणजे मिळवली. तुम्हाला हिशेब येत नसेल, मला येतो. ऑगस्ट.

सिपोरा, तू खरं लिहिलंस, मला तुझा अभिमान वाटला. पण बाई, खरं लिहायला तुला परवडतं. मी नाही आले तरी तुझं घर चालेल, हे तुला माहीत आहे आणि मलाही. दीनाचं चालणार नाही. तिने माझ्यासाठी आख्खा समुद्र आणून ठेवला दाराशी, इतकी तिला माझी गरज आहे. म्हणून काल फॉर्मवर बेरशेबा लिहिलं. मनाला लावून घेऊ नकोस. बाळ रांगायला लागलं की चाळीस मिनिटांचा रस्ता माझा पाठ झालेला असेल, तेव्हा तू आणि तुझी रोह्याची माणसं मला कंटाळाल.

दोन किलो आमसुलं घेऊन ठेवली आहेत, जुनी, काळी. नारळही आणीन, पुढचा मलिदा ओल्या खोबऱ्याचा करू. दीनाला मात्र मला कळलं आहे हे सांगू नकोस. पहिल्याच संध्याकाळी मी तिला घेऊन दारात बसणार आहे, आणि सहा वाजेपर्यंत काही बोलणार नाही.

तुझी,
आई