डावीकडची खिडकी

भुईगाव, वसई
९ नोव्हेंबर

लाडक्या अशूला आईचे पोटभर आशीर्वाद.

फोन सोडून आई पत्र काय लिहायला लागली, म्हणशील. फोनवर तू बोलू कुठे देतेस? बाबांचा विषय निघाला की तुझी रेंज जाते.

मी बरी आहे. गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात. राजेळी केळी पिकली, म्हणून यंदा गच्चीवर सुकेळी वाळत घातलीत. बाबांसारखी जमत नाहीत, पण कावळ्यांची काही तक्रार नाही.

भाऊबीजेला तू गोव्याहून सुरतेला गेलीस, जितेशला ओवाळलंस, ते फोटो पाहिले. निळा ड्रेस छान आहे, पण वाळलीस किती!

तू परत निघालीस त्या दुपारी शेजारची रोवेना आली होती. तिच्या मोबाइलात आकाशातली विमानं दिसतात. म्हणाली, "हंसाकाकू, सुरत ते गोवा सहाशे किलोमीटर, सव्वा तासाचं काम. आता वीस-पंचवीस मिनिटांत अश्लेषा आपल्यासमोरून जाणार बघा."

मी काय केलं असेल? सुकेळी टोपलीत भरली आणि त्यांच्याखालची ती मोठी पिवळी चादर अख्ख्या गच्चीवर पसरली. वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर नारळ ठेवले. रोवेना हसून हसून खाली बसली. एवढ्या उंचावरून चादर दिसत नाही, इतकी अक्कल मला आहे. तरी पसरली. मोबाइलवरचा तो ठिपका समुद्रावरून, आपल्या किनाऱ्यासमोरून सरकत गेला. थांबला नाही. विमान कसं थांबणार म्हणा. मी उन्हातच बसून रडले, आणि रोवेना हसायची थांबली.

तुझ्यावर राग नाही गं. "आई, फाटक उघडलं की ओटीवरची बाबांची खुर्ची दिसते, मला नाही जमत," असं तू बाबांच्या तेराव्यानंतर म्हणालीस, ते मी विसरलेले नाही. दोन वर्षं झाली. मलाही ती रोज दिसते. आताशा मी तिच्यावरच बसून भाजी निवडते.

आता केळ्यांच्या आडून बोलणं पुरे. नाताळ झाला की घर बंद करून मी कायमची सुरतेला जातेय. जितेश कधीचा मागे लागला होता. केळीची वाडी आपला गडी जयराम बघेल. जितेशला वाटतं, मी गुडघ्यांमुळे हो म्हटलं. खरं सांगू? तू सुरतेला येतेस, इथे येत नाहीस, म्हणून हो म्हटलं. हे घर सोडताना जीव तुटतो माझा. पण तुला पाहिल्याशिवाय राहणं त्याहून कठीण आहे.

त्याआधी एकदा ये. खुर्ची मी हलवणार नाही, आधीच सांगते. तू फाटकाशी उभी राहा, मी हाताला धरून आत आणीन. जेवू, आणि कुलूप दोघी मिळून लावू. एकटीने ते लावायची मला हिंमत नाही.

नाहीच जमलं, तर सुरतेला भेटूच. तिथून परतताना मात्र डावीकडची खिडकी घे. गच्चीवर तेव्हा मी नसेन, पण चादर पसरून, नारळ ठेवून जाईन.

अजून तरी तुझ्या वाटेवरच राहणारी,
आई