शालीखालचं यंत्र

प्रिय चिमणे,

मी बोलतेय, लिहिणारी लिहितेय. तिला बजावलंय, माझं बोलणं सुधारायचं नाही आणि मधे हात थांबवायचा नाही.

तुझ्या बाबाचा कॉम्प्युटर काल सुरू झाला. दुरुस्तीवाल्याने पेटीची कूस उघडून जळकं ग्राफिक्स कार्ड काढलं, नवं बसवलं. तरी पडदा काळाच! घाम पुसत बसला बिचारा. पाहते तर पडद्याची वायर नव्या कार्डात न लावता शेजारच्या भोकात खोचलेली. म्हटलं, बाबा रे, मला अक्षर येत नाही, पण सुईत दोरा ओवता येतो. मग मात्र आतला कारभार चालवणाऱ्या, तुझ्या बाबाच्या लाडक्या लिनक्सने नव्या कार्डाला मुकाट्याने ओळखलं. फोटो, तुझं बोबडं गाणं, सगळं जागच्या जागी. साठवणारी डिस्क वेगळी आणि पडद्यावर दाखवणारं कार्ड वेगळं असतं म्हणे. अगदी तुझ्या आजोबांसारखं: पोटात सगळं शाबूत, तोंडावर काही दिसायचं नाही.

तू तिकडूनच त्या लिनक्सला अपडेट केलंस आणि दुसऱ्याच दिवशी पडदा गेला. बापाची शेवटची खूण पुसलीस, असं तुझी आई फोनवर बोलून गेली. तीन महिने झाले, मायलेकींची तोंडं दोन दिशांना. ती जेवायला बसते तीही तुझ्या खुर्चीकडे पाठ करून.

आता ऐक. बाबा गेल्यापासून आईने ते यंत्र कधी बंद होऊ दिलं नाही. ती कामावर गेली की मी त्याच्यावर बाबाची लोकरीची शाल पांघरायची आणि वर हात ठेवून बसायची. ऊब लागायची गं, ताप उतरत आलेल्या पोराच्या पाठीसारखी. दुरुस्तीवाल्याला पंख्यात लोकरीचा बोळा सापडला. गुदमरून जळलं ते. पडदा गेला तेव्हा मी शाल ओढून ट्रंकेत लपवली, आणि बोल तुला लागू दिले. सत्तरी उलटली तरी मार खायची भीती जात नाही बघ.

लिहिणारी नेहमीची शेजारीण नाही, तुझी आईच आहे. तिच्या डोळ्यांत बघून सांगायचा धीर होईना, म्हणून तिच्याच हातून लिहवलं. ‘शाल’पाशी तिचा हात थांबला होता. बराच वेळ. मग तिने पुढचं लिहिलं, म्हणून तू हे वाचतेयस. आता मी उठते. खाली अर्धा कागद कोरा आहे, तो तिचा.

तुझीच,
लबाड आजी
(अंगठा मात्र खरा)