सामाईक विहीर, पास्कलमध्ये

२ फेब्रुवारी, रविवार. बार्शीटाकळी

बास! आज ठरवलं. विहिरीच्या पाळ्या सांभाळणारा कम्प्युटर प्रोग्राम मीच लिहिणार.

सकाळी जे पाहिलं ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही. दोन वावरांमधला धुरा. अलीकडे बाबा, पलीकडे त्यांचे धाकटे भाऊ रामराव काका, आणि मध्ये आई, डोक्यावर वांग्यांचं टोपलं. बाबा आईला म्हणाले, "सांग त्याले, काल माह्या पाळीत मोटर अर्धा घंटा उशिरा लागली." काका आईला म्हणाले, "वैनी, सांगा दादाले, लाईटची लाईनच उशिरा आली, मी काय करू?" दोघांच्या मध्ये चार हात अंतर नव्हतं! आई म्हणाली, "मी काय भोंगा हाओ काय तुमचा? दोघायचेबी कान जाग्यावर हायेत." आणि निघून गेली. मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मीही पळाले.

गेल्या मार्चपासून हे असं चाललंय. बाबा मोटर चालू ठेवून झोपून गेले, काकांच्या पाळीचं पाणीही आमच्याच वावरात शिरलं, आणि तिकडे काकांचा सांबार, म्हणजे कोथिंबीर, वाळला. तेव्हा जे काय बोलले ते शेवटचं. विहीर आजोबांनी खोदलेली, सामाईक. मोटर एकच. सोमवार-बुधवार-शुक्रवार काकांची पाळी, मंगळवार-गुरुवार-शनिवार बाबांची, रविवारी विहिरीला सुट्टी, तिला भरू द्यायचं. नियम साधा आहे. माणसं साधी नाहीत.

आणि संक्रांतीला काकांनी जाहीर केलंय, होळीपर्यंत वाट पाहणार, नाहीतर स्वतःच्या वावरात बोअर मारणार. विहिरीपासून हाकेच्या अंतरावर! बोअरला पाणी लागलं की विहीर आटलीच समजा. बाबांची वांगी गेली, टमाटे गेले, आणि दोन भावांना भांडायलासुद्धा काही सामाईक उरलं नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

३ फेब्रुवारी, सोमवार. अमरावती

ऑफिसात सांगून बसले. आमचं ऑफिस म्हणजे तीन टेबलं आणि एक कूलर. धरमकाट्यांची, म्हणजे ट्रक तोलणाऱ्या काट्यांची, सॉफ्टवेअरं सांभाळतो आम्ही. ती सगळी डेल्फी या भाषेत, म्हणजे पास्कलचंच घराणं, म्हणून माझी रोजीरोटी त्यावर. शेजारच्या टेबलावर जीवन. वेबसाइटी बनवतो आणि स्वतःला फार नवा समजतो.

"पास्कल? माह्या बापानं शिकलं होतं थे कॉलेजात! जिवंत हाय काय अजून?"

जिवंत! फ्री पास्कलचा कंपायलर, लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा, माझ्या तळहाताएवढ्या रास्पबेरी पाय नावाच्या कम्प्युटरवर मस्त चालतो. प्रोग्रामची एक फाईल तयार होते, ती नेऊन ठेवली की झालं. जीवनला साधं 'नमस्कार' छापायचं असलं तरी आधी इंटरनेटवरून अर्धं जग उतरवून घ्यावं लागतं. आमच्या वावरात रेंज फक्त एका बाभळीखाली येते. तिथे काय उतरवणार, शेंगा?

६ फेब्रुवारी, गुरुवार

पास्कलमध्ये संच लिहिता येतो, हे मला फार आवडतं. काकांचे वार हा एक संच, बाबांचे वार दुसरा. मग एकच ओळ: आजचा वार काकांच्या संचात असेल तर पाणी काकांकडे वळव. वाचून दाखवली तर आईलाही कळेल. पाइपावर दोन व्हॉल्व्ह बसवायचे, एक इकडे, एक तिकडे. मोटर आणि व्हॉल्व्ह दोन्ही प्रोग्रामच्या ताब्यात.

हुकूम तीनच: चालू, बंद, किती. मोबाईलवरून संदेश पाठवायचा. 'किती' म्हटलं की पाळी किती उरली ते कळेल. आणि तेही ज्याची पाळी त्याचंच ऐकायचं. चौथं काहीही लिहिलं की उत्तर एकच — "हुकूम समजला नाही." लाडीगोडी नाही, वशिला नाही!

जीवन म्हणे, "अंदाज लावू दे ना थोडा त्याले. आजकालचे मशीन माणसाचं मन वळखतेत." आमच्या घरात मन ओळखायला गेलेल्या प्रत्येकाचे हात पोळलेत. मला अंदाज नको. पास्कलसारखं हवं — आधी सांगा कोण आहात, कसले आहात, मग आत या.

८ फेब्रुवारी, शनिवार

'एल्स' या शब्दाआधी अर्धविराम, पास्कलला न चालणारा. पुन्हा! कंपायलरनं नीट ओळ दाखवली, तरी मी त्यालाच शिव्या घातल्या. बाबांचीच मुलगी.

१६ फेब्रुवारी, रविवार. बार्शीटाकळी

बसवलं!! मोटरच्या खोलीत भिंतीवर पेटी. आत माझा चिमुकला पाय, सिमकार्ड आणि मोटर चालू-बंद करणारा रिले; अँटेना बाहेर बाभळीवर. हात काळे, केसांत जाळी, पण बसवलं.

उद्घाटनाचा तमाशा वेगळाच. नारळ कोणी फोडायचा? बाबा मोठे, पण खोली काकांच्या वावरात. दोघंही हात मागे बांधून उभे. शेवटी आईनं फोडला. तर मेला वाकडा फुटला! एक भकल मोठं, एक छोटं. बाबांनी छोटं उचललं, काकांनीही छोट्याकडेच हात नेला होता, आणि मोठं तसंच पायरीवर पडून राहिलं. शेवटी मी खाल्लं.

काका खोलीतून बाहेर पडताना माझ्याशी बोलले. "पोरी, हे मशीन तुह्या बापाचं तं नाई ऐकणार?" मी म्हटलं, काका, ते माझंही ऐकत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार. अमरावती

आठवडा झाला, एकही तक्रार नाही. या आठवड्यात शेतीची लाईन दिवसा होती. दोघांचं ओलित वेळेवर. प्रत्येक संदेशाची नक्कल माझ्या मोबाईलवर येते, त्यामुळे कळतं: बाबा दिवसभर 'किती, किती' विचारत बसतात, काका फक्त 'चालू' लिहितात. जीवनला समोसा खायला घालून पास्कलची माफी मागायला लावली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी सकाळी काकांचा फोन. कालपासून लाईन रात्रीची झाली आहे, रात्री दहा ते सकाळी सहा. "काहून व पोरी, काल माही पाळी होती ना? अर्ध्याच्या वर पाणी तुह्या बापाच्या वांग्यात गेलं! शेवटी बापाचीच पोट्टी."

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज बाबांचा. "तू काकाले फितूर झाली काय? माह्या पाळीचं पाणी त्याच्या पालकात कसं गेलं?"

प्रोग्राम पाच वेळा वाचला. संच बरोबर, तारीख बरोबर, घड्याळ बरोबर. दोघांनाही वाटतं मी दुसऱ्याची! यापेक्षा निःपक्षपाती प्रोग्राम कोणी लिहून दाखवावा.

जीवननं माफी परत घेतली. समोसा मात्र परत करत नाही.

२ मार्च, रविवार. बार्शीटाकळी

सापडलं. कपाळावर हात मारून मारून कपाळ लाल झालं.

पहिल्या गाडीनं अकोला, तिथून घरी. पोचले तर बाबा धुऱ्यावर पेटलेले. "काल शनवार माहा होता. तुह्या मशीननं बारा वाजता मोटरच बंद करून टाकली!"

मी म्हटलं, "बाबा, रात्री बारानंतर रविवार लागतो. रविवारी सुट्टी."

"रविवार? सूर्य निंघाला नाई अन् रविवार कुठून आला?"

पलीकडून काकांचा आवाज आला — आईला उद्देशून, अर्थात. "बरोबर हाय वैनी. उजाडल्याबिगर वार बदलते काय कुठी? शनवारची रात्र शनवारचीच असते."

मी खाली बसले. खरंच की! आमच्याकडे पाळी म्हणजे दिवस आणि त्याच दिवसाची रात्र, उजाडेपर्यंत. कोणी मला ते शिकवलं नाही, कारण शिकवायचं काय त्यात? लहानपणी मलाही ठाऊक होतं. पण अमरावतीच्या टेबलावर बसून मी वार बारा वाजता बदलला. लाईन दिवसाची होती तोवर चूक दडून राहिली, रात्रीची झाली तशी बाहेर आली. शेतकऱ्याची पोर आणि कंपायलरला विचारते वार कुठला!

"एवढी शिकली, पण वार समजत नाई तिले," बाबा म्हणाले.
"तेच म्हणून राहिलो मी, वैनी," काका म्हणाले.

वर्षभरात दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं. कशावर, तर माझ्या मूर्खपणावर!

दुरुस्ती केवढी? पास्कलमध्ये वेळ म्हणजे दिवसांचा आकडा. एक म्हणजे अख्खा दिवस, अर्धा म्हणजे बारा तास. आत्ताच्या वेळेतून पाव दिवस वजा केला की वार सकाळी सहाला बदलतो. एवढंच. बाभळीखाली बसून, लॅपटॉप मांडीवर ठेवून, एका ओळीत पाव वजा केला. कंपाइल होईपर्यंत डोळ्याची पापणीसुद्धा लवली नाही. मागून आई म्हणाली, "झालं? एवढ्यासाठी दोघायनं आठवडाभर माहं डोकं खाल्लं?"

९ मार्च, रविवार

प्रोग्राम सुतासारखा चालतोय. आणि काही उपयोग नाही.

काल बोअरवाले जागा पाहून गेले. काकांच्या वावरात चुन्याची फुली मारून ठेवली आहे. मी काकांना विचारलं, आता तर पाणी बरोबर मिळतं ना? म्हणाले, "मिळते. मशीन इमानदार हाय. पण पोरी, जिंदगीभर काय मशीनच्या तोंडानं बोलायचं? आपापलं पाणी असलं की बोलाचंच काम नाई." बाबांनी ती फुली पाहिली आणि टमाट्याच्या ओळीत जाऊन बसले. किती तरी वेळ तिथेच बसले होते.

मला रडू आलं. मी वाटणी दुरुस्त केली. बिघडलं होतं ते दुसरंच होतं.

१२ मार्च, बुधवार. अमरावती

डीपी जळाली, म्हणजे शेतीचा ट्रान्सफॉर्मर. कालपासून शेतीची लाईन बंद. बाबांची मंगळवारची पाळी गेली, आज काकांचीही जाणार.

१३ मार्च, गुरुवार. होळी

आज पुन्हा बाबांची पाळी, लाईन अजून नाही. टमाट्यांचं विचारलं तर आई फोनवर म्हणाली, "भेदऱ्यायनं माना टाकल्या व. फळ धरलं तसंच गळून राहिलं." शनिवारनंतर थेंब नाही आणि ऊन असं! मी बाबांना म्हटलं, उद्या लाईन आली तर काकांकडे एक दिवस मागा ना.

"उद्या त्याची पाळी हाय. मी मांगत नाई. नियम तूच केला ना?"

नियम तूच केला! फोन ठेवून मी उशीवर बुक्क्या मारल्या. खाली सगळे होळीभोवती बोंबा मारत होते, मीही गॅलरीत जाऊन मारून आले. कोणाच्या नावानं ते लिहीत नाही.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

दुपारी नवी डीपी बसली, लाईन लगेच सोडली. पाळी काकांची. रंगाचे हात धुऊन मोबाईल पाहिला, तर विहिरीच्या नंबरवर काकांचे संदेश. जसेच्या तसे उतरवते.

"पाणी दादाले दे"
हुकूम समजला नाही.
"आज माही पाळी दादाले"
हुकूम समजला नाही.
"अबे दादाचे भेदरे वायून राहिले, समजत नाई काय तुले"
हुकूम समजला नाही. चालू, बंद, किती यांपैकी एक लिहा.

आधी खो खो हसले. मग जमिनीवर बसून रडले. काका! माझे काका यंत्राला हात जोडून राहिलेत आणि माझा प्रोग्राम ठोंब्यासारखा तेच तेच म्हणतोय! जीवनचं ऐकायला हवं होतं, थोडा अंदाज लावू द्यायला हवा होता त्याला.

लॅपटॉप उघडला. हुकमांच्या यादीत चौथा घातला: 'दे'. कंपायलरनं लगेच बजावलं, हा नवा हुकूम दोन ठिकाणी हाताळलेला नाही. शहाणं बाळ, काही विसरू देत नाही! दोन्ही ठिकाणं भरली. कंपाइल झालं. आता फक्त पाठवायचं. बाभळीची रेंज, कृपा कर गं माये...

आईचा फोन येतोय. आत्ता कशाला!

त्याच दिवशी

पाठवलं नाही.

आईनं सांगितलं, तिसऱ्यांदा 'समजला नाही' आल्यावर काका धुरा ओलांडून थेट बाबांपुढे उभे राहिले. "दादा, तुह्या पोट्टीच्या मशीनले काई समजत नाई. चाल, हातानंच फिरवू वाल." बाबा उठले. दोघांनी मिळून फिरवला. टमाट्यात पाणी शिरलं तेव्हा काकांनी बाभळीखाली जाऊन बोअरवाल्याला फोन लावून नको म्हणून सांगितलं.

चौथा हुकूम खोडून टाकला. पाळी द्यायची असेल तर जा म्हणावं धुरा ओलांडून!