मेघदर्शनचा कठडा

३ फेब्रु., सोम.
संपादकांचा फोन. चिंचवडच्या हॉटेल मेघदर्शनवर रविवार पुरवणीला लेख हवा. 'हेरिटेज अँगल ठेवा.' हे कारखान्यांचं शहर माझ्याहून थोडंच वडील, तरी हो म्हटलं. मालक अण्णांसाठी. महापालिकेच्या वारसा यादीत हॉटेल बसलं तर वाचेल. नाही तर मुलगा निखिल बिल्डरला देणार. वहिनी गेल्यापासून अण्णा तिथेच वरच्या खोलीत राहतात, तेव्हा हॉटेल गेलं की घरही गेलं.

६ फेब्रु., गुरु.
अण्णांकडे. हकीकत घेतली. कंपन्या आल्या तेव्हा साहेबांना उतरायला धड जागा नव्हती. अण्णांच्या वडिलांनी शेतात हॉटेल उठवलं. रुंद मोझॅइकचा जिना बघायला गावं लोटायची म्हणे.
माझ्या मते खरी गोष्ट पुढची. कामगाराची शेवटची शिफ्ट सुटली की खात्यातली माणसं त्याला हार घालून थेट इथं आणत. जेवण, मग जिन्यावर सगळ्या कुटुंबाचा फोटो. रिटायर झालेला मधे, हात लोखंडी कठड्यावर. कठडा इथल्याच फाउंड्रीत ओतलेला, द्राक्षवेलीच्या नक्षीचा. काळेवाडीत कित्येक घरांत देवांच्या शेजारी हा फोटो.
अण्णांना पटेना. "शास्त्रीबुवा, ह्ये कामगारांचं काय लिवता? राजे उतरले व्हते, ते लिवा."
"उतरले होते?"
"न्हाई. पर उतरले असते."

११ फेब्रु., मंगळ.
शनिवारी महापालिकेची वारसा समिती येणार म्हणून मेघदर्शनला डोकावलो. दारात फायबरचे दोन हत्ती. लॉबीत पितळी समया. आणि जिन्याला शिसवी रंगाचा लाकडी कठडा, टोकाला घोड्याचं तोंड. पॉलिशचा वास अजून ओला.
अण्णा खुशीत. "कसं? जुनं वाटतं का न्हाई?"
"जुना होता तो कुठंय?"
"भंगारात. कारखान्यावानी दिसायचा. समितीला वाडा दावाया पायजे."
जीर्णोद्धार बरेच पाहिले. जीर्ण काढून टाकणारा पहिलाच. ओठांवर आलं होतं, गिळलं. घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, "मला काय सांगताय? त्यांना सांगा."

१२ फेब्रु., बुध.
सांगितलं, खरा वारसा तो लोखंडी कठडाच होता. अण्णांनी एकदा घोड्याकडे पाहिलं. मग चप्पल घातली. "चला."
चिखलीतलं भंगाराचं दुकान. दुकानदार भला माणूस, आधी चहा मागवला. "वो तो कल ही चाकण गया, चाचा. भट्टी में. अब तक तो गल गया होगा."
चहा तसाच राहिला. परतीची रिक्षा. चिंचवड आल्यावर अण्णा, माझ्याकडे न बघता: "आमाला वाटलं, जुनं म्हंजी वाडा."

१५ फेब्रु., शनि.
समिती आली. आर्किटेक्ट मॅडमनी कठड्यावर नख घासलं. "हे कधीचं?"
अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. निखिलनं मोबाइलकडे. पोरगा वाईट नाही. बाप इथं एकटा म्हणून झोप लागत नाही म्हणतो, आणि ते खरं असावं. मारुंजीला फ्लॅट घेतलाय, एक खोली बापाची म्हणून रिकामी ठेवलीय. हेच त्याचं सगळ्यात अवघड शस्त्र.
मॅडम मला म्हणाल्या, "तुम्ही यावर लेख लिहिताय ना? मूळ काय आणि नवं काय, तेवढं सोमवारपर्यंत मेल करा. लेखाआधी."
ते गेल्यावर अण्णा: "तुमी संस्कृत शिकलेले. खोटं न बोलता झाकता येतंय न्हवं?"
"येतं. बरंचसं त्याचसाठी शिकवतात."
एरवी हसले असते.

१६ फेब्रु., रवि.
सकाळी लिहून काढलं. जिना मूळ, फरशी मूळ. कठडा याच महिन्यात बसवलेला. जुना स्थानिक फाउंड्रीत ओतलेला होता, आता उपलब्ध नाही. मात्र काळेवाडीतल्या घराघरांत फोटोंत आहे, हवे तर गोळा करून देतो.
पाठवण्याआधी अण्णांना दाखवायला गेलो. खाली उतरताना भिंत धरून उतरले. घोड्याकडची बाजू टाळली.
ओठ हलवत वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.
"ह्ये वाचून यादीत घेतील?"
"माहीत नाही, अण्णा. झाकलेलं नंतर उघडं पडलं तर मात्र नक्की घेणार नाहीत."
"आन् निखिल?"
"विका म्हणेल."
चष्मा पुसत राहिले. बाहेर पोऱ्या हत्ती धूत होता.
"एकविसावा मजला हाय त्याचा. लिफ्ट बंद पडली तर काय करत्यात लोकं?"
"जनरेटर असतो."
"आन् त्यो बंद पडला तर?"
"जिना असतो."
"त्यो तर असायचाच," म्हणाले, आणि कागद माझ्या हातात दिला. "धाडा. फोटो गोळा कराया मीबी येतो."
तिथूनच पाठवलं.

१९ फेब्रु., बुध.
मॅडमचं उत्तर नाही. काळेवाडीत फिरलो, अण्णा बरोबर. पहिल्याच घरात फोटो भिंतीवरून काढून द्यायला म्हातारी तयार होईना. "मोबाइलवर काढून न्या, ह्यांना हलवू नका." अण्णा समोर उभे राहून बघत राहिले, माणसाकडे नाही, त्याच्या हाताखाली. संध्याकाळी निखिलचा मला मेसेज: 'काका, बाबांना उन्हात फिरवू नका.' उद्या दुसरी गल्ली.