नलमच्या खाली

अप्पा, हे पत्र मी नलम या शब्दाने सुरू करत नाही. तंजावरच्या नातलगांना कार्ड लिहायला तुम्ही मला बसवायचात, तेव्हा मराठी पत्रातही पहिला शब्द हाच, तमिळ. आम्ही खुशाल आहोत, एवढाच त्याचा अर्थ. एकदा आई तापाने फणफणलेली होती आणि मी विचारलं, खुशाल कसं लिहू? तुम्ही म्हणालात, "नलम वर लिहायचं रे. खरं काय ते खाली लिहायचं."

मद्रासच्या गिरणीत तुम्ही कापूस पिंजायच्या खात्यात हजेरी कारकून होता. टेबल यंत्रांना लागूनच. घरी यायचात ते भुवयांवर तंतू आणि छातीत खोकला घेऊन. त्याच गिरणीच्या दारावर मी भाषणं करत असे. कामगारांच्या फुफ्फुसांची जबाबदारी मालकाची आहे, हे इतक्या जोरात सांगितलं की एक दिवस मॅनेजरने मला आत बोलावून प्रसिद्धी खात्यात नोकरी दिली. दवाखाना उघडतोय, कामगारांसाठी मासिक काढतोय, तुझ्यासारखा बोलणारा हवा, म्हणाला. मी विकला गेलो नव्हतो, अप्पा. माझा विश्वास बसला होता. आज तेच जास्त वाईट वाटतं.

दवाखान्याच्या उद्घाटनाला पाहुणे आणि वार्ताहर येणार होते. सर्वांत जुने कारकून म्हणून तुम्ही दोन शब्द बोलावेत, असं मीच सुचवलं, आणि ते शब्दही मीच लिहिले. आदल्या संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून कागद वाचताय. शेजारी पेल्यातली कापी निवून तिच्यावर साय धरलीय. "गिरणीच्या काळजीने माझी प्रकृती सुधारली. हे कोण म्हणतंय? मी?" मी म्हणतो, "अप्पा, दवाखाना खरा आहे. औषधं मिळतील." "मिळतील. कागदावर मात्र मी आधीच बरा झालो." तुम्ही हसलात, हसताहसता खोकलात. "डॉक्टरपेक्षा तुझ्याच हाताला गुण म्हणायचा." मी चिडलो. सगळ्या गिरणीसमोर मला तोंडघशी पाडू नका, म्हणालो. तुम्ही कागदाची घडी केलीत आणि खिशात ठेवलीत.

दुसऱ्या दिवशी मांडवात तुम्ही उभे राहिलात. कागद काढला नाहीत. "नलम," म्हणालात, आणि थांबलात. समोर तुमच्या खात्यातली माणसं बसली होती. त्यांच्याकडे पाहत तुम्ही श्वास गोळा करत होता. तेवढ्यात फोटो निघाला, टाळ्या वाजल्या, वाजतच राहिल्या, आणि तुम्ही खाली बसलात. मासिकाच्या पहिल्या पानावर तो फोटो आला. त्याखाली मी तेवढा एकच शब्द छापला. दवाखान्यात खोकल्याची बाटली मिळू लागली. खात्यातली धूळ तशीच राहिली, तिच्याविषयी पाहुण्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. पुढच्या पोंगलला तुम्ही नव्हता.

मी नोकरी सोडली आणि पुन्हा बोलू लागलो, तो अजून बोलतोच आहे. परवा अड्यारच्या एका सभागृहात कंपन्यांच्या जबाबदारीवर बोललो. मध्येच लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला पुढचं वाक्य आठवेना.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? म्हणून खरं काय ते खाली लिहून ठेवतो. त्या दिवशी तुमचं बोलणं संपलं नव्हतं, हे मांडवात एकट्या मला कळलं होतं. पहिली टाळी माझी होती.