मध्यंतरानंतरचा ट्रॉम्बोन

फैयाज,

हे काही मी टपालात टाकणार नाही.

नगरला तुमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम, म्हणून पास धाडलास. फोनवर बजावलंस, "अब्बा, मध्यंतराला निघा. देवळालीची शेवटची एसटी चुकेल." वाटलं, पोराला बापाची काळजी.

पियानो लई गोड वाजला, पण तुझी, ट्रॉम्बोनवाल्याची, खुर्ची रिकामी. शेजारची बाई म्हणाली, "ट्रॉम्बोन यात नसतोच. तो मध्यंतरानंतरच्या सिंफनीत."

म्हणजे मध्यंतराला निघालो तर तुझं वाजवणं कानी पडणार नाही, हे तुला ठाऊक होतं. कार्यक्रम संपल्यावर दोस्तांसमोर बँडवाला बाप येऊ नये, एवढंच ना? वरातीत ट्रॉम्बोन शिकवताना मी तुला सगळ्यांच्या पुढं उभा करायचो.

सांगितलंस तसा निघालो. सकाळी फोनवर विचारलंस, "कसं वाजवलं मी?" म्हणालो, "झकास." तू खुशाल "थँक्यू" म्हणालास.

तुझा उस्ताद,
दाऊद बँडवाला